आधी सेट घरात येऊ द्या

डिजिटल रेडिओची चर्चा आता पुण्याच्या दारात आली आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओविषयी सरकारला शिफारशी केल्या. ही सेवा सुरुवातीला ज्या तेरा मोठ्या शहरांत यावी असं त्यात सुचवलं आहे, त्यांत मुंबई-दिल्लीबरोबर पुणे आणि नागपूरही आहेत. तेव्हापासून बोलणं चाललंय ते लिलावाच्या आधारकिमतीवर, फ्रिक्वेन्सीच्या वाटपावर, कुठलं तंत्र निवडायचं यावर. साध्या रेडिओवर हे प्रक्षेपण लागत नाही; त्यासाठी ऐकणाऱ्याच्या घरात जो वेगळा सेट लागणार तो कुठून येणार, कितीला मिळणार, बिघडला तर कुणाकडे न्यायचा, याबद्दल कुणी पोटतिडकीने बोलताना दिसत नाही. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. आधी सेटचं धोरण ठरवा, मग प्रक्षेपणाचं. रेडिओचा शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो. त्यातही त्याची सुरुवातीची वर्षं, म्हणजे घरगुती सेट विकायला कंपन्या जिवाचं रान करत होत्या तो काळ, आपल्या धोरणकर्त्यांनी नीट वाचायला हवा.

सुरुवात अमेरिकेतल्या पिट्सबर्गपासून करायला लागते. वेस्टिंगहाउस कंपनीतला फ्रँक कॉनराड हा इंजिनिअर आपल्या गॅरेजमधून हौसेखातर ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून हवेत सोडायचा. ऐकणारे त्याच्यासारखेच हौशी, स्वतः तारा गुंडाळून सेट बनवणारे. सप्टेंबर १९२० मध्ये तिथल्या जोसेफ हॉर्न नावाच्या मोठ्या दुकानाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: कॉनराडची गाणी ऐकायची असतील तर तयार सेट आमच्याकडे मिळतील, किंमत दहा डॉलरपासून. ही जाहिरात वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांच्या नजरेस पडली आणि त्यांच्या डोक्यात चक्रं फिरली. बिनतारी यंत्राकडे तोवर सगळे तारायंत्राचा भाऊ म्हणून पाहत होते, एका माणसाने दुसऱ्याशी बोलायचं साधन म्हणून. डेव्हिसना त्यात घरोघर विकता येईल अशी वस्तू दिसली. मात्र सेट विकायचा तर त्यावर रोज काहीतरी लागलं पाहिजे. म्हणून २ नोव्हेंबर १९२० रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाच्या रात्री, केडीकेए हे केंद्र सुरू झालं. केंद्र काढलं ते सेट खपावेत म्हणून. हेतू नफ्याचा होता हे उघड आहे, पण ऐकणाऱ्याच्या घरापासून विचार सुरू झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या काळचा घरगुती सेट म्हणजे घरात आणलेली एक कटकटच होती. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, तापवायला मोटारीसारखी सहा व्होल्टची तेजाबाची बॅटरी लागे, शिवाय ४५ व्होल्टच्या कोरड्या बॅटऱ्यांची जोडी वेगळी. तेजाबाची बॅटरी उतरली की उचलून चार्जिंगला न्यायची, आणि ती ने-आण करताना गालिच्यावर सांडलेल्या तेजाबाची भोकं घरमालकिणीला कायमची दिसत राहायची. समोरच्या फळीवर तीन-तीन गोल चकत्या, तिन्ही एका मेळात फिरवल्या तरच स्टेशन लागणार. ऐकायला हेडफोन, म्हणजे एका वेळी एकच माणूस. असा सेट घरातल्या कर्त्या पुरुषाची किंवा थोरल्या मुलाची हौस म्हणून माळ्यावर, नाहीतर कोपऱ्यातल्या टेबलावर राहायचा.

तो दिवाणखान्यात आणण्याचं काम विक्रेत्यांनी केलं. १९२७-२८ च्या सुमारास घरातल्या विजेवर चालणारे सेट आले आणि बॅटरीची कटकट संपली, हा जाहिरातींचा मोठा मुद्दा झाला. तीन चकत्यांच्या जागी एक आली. स्पीकर पेटीच्या आत गेला. पेटीला अक्रोडाच्या लाकडाचं, कपाटासारखं रूप दिलं गेलं, म्हणजे ते यंत्र न वाटता घरचं सामान वाटावं. जाहिरातींतून सर्किटची वर्णनं जाऊन संध्याकाळी शेगडीपाशी बसलेलं कुटुंब आलं. अ‍ॅटवॉटर केंट या फिलाडेल्फियाच्या कारखानदाराने १९२५ पासून आपल्या नावाने संगीताचा कार्यक्रमच सुरू केला. फिल्को ही मुळात बॅटऱ्या बनवणारी कंपनी. विजेवरचे सेट आल्यावर तिचा धंदा बसणार हे ओळखून ती स्वतःच सेटमध्ये उतरली, आणि १९३० मध्ये तिने कमानदार पेटीचा 'बेबी ग्रँड' ४९.९५ डॉलरला बाजारात आणला. मंदी सुरू झाली होती, तरी हप्त्यांवर तो घराघरांत गेला.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो सिनसिनाटीचा पॉवेल क्रॉस्ली. १९२१ मध्ये मुलासाठी रेडिओ घ्यायला तो दुकानात गेला. किंमत शंभर डॉलरच्या वर, म्हणून सेट न घेता पंचवीस सेंटचं माहितीपुस्तक घेऊन परतला आणि बापलेकांनी घरीच सेट बनवला. पुढे त्याने स्वस्त सेटचा कारखाना काढला. १९२५ मध्ये त्याचा छोटा 'पप' सेट ९.७५ डॉलरला मिळत होता. पण स्वस्त सेटचे कान कमजोर असतात, लांबचं स्टेशन त्यांवर धड लागत नाही. क्रॉस्लीने यावर काढलेला तोडगा प्रत्येक प्रसारण अधिकाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. त्याने स्वतःचं डब्ल्यूएलडब्ल्यू हे केंद्र काढलं आणि त्याची ताकद वाढवत नेली. १९३४ मध्ये ते ५०० किलोवॉटवर गेलं. म्हणजे भार त्याने स्वतःच्या प्रक्षेपकावर घेतला आणि ऐकणाऱ्याच्या खिशावरचा हलका केला. दहा डॉलरचा सेट घेणाऱ्यालाही गाणं स्वच्छ ऐकू येईल, ही जबाबदारी केंद्राची आहे असं त्याने मानलं.

आता आपल्याकडे या. २३ जुलै १९२७. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्या दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. आणि त्याच दिवशी पुण्याजवळच्या खडकी आणि दौंडच्या बिनतारी केंद्रांवरून इंग्लंडशी थेट संदेशवहन सुरू झालं, त्याचंही उद्घाटन आयर्विन यांचंच. या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्या की त्या राज्यकारभाराची दृष्टी लख्ख दिसते. खडकीहून लंडन गाठायला पैसा होता, तंत्र होतं, निश्चय होता. मुंबईच्या केंद्राची ताकद मात्र दीड किलोवॉट. साध्या सेटवर ते चांगलं ऐकू येण्याचा पल्ला सुमारे तीस मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटर. पुणे हवाई अंतराने १२० किलोमीटर, मध्ये सह्याद्री. मुंबईतल्या माणसाला स्वस्त क्रिस्टल सेट आणि हेडफोनवर काहीतरी ऐकता आलं असतं. पुण्याच्या पेठेतल्या माणसाला त्याच गाण्यासाठी अनेक व्हॉल्व्हचा महागडा परदेशी सेट आणि उंच एरियल लागणार. क्रॉस्लीने केलं त्याच्या बरोबर उलट गणित इथे मांडलं गेलं: केंद्र दुबळं आणि भार ऐकणाऱ्यावर.

कंपनीचं उत्पन्नही सेटवरच अवलंबून होतं. सेट बाळगायला वर्षाला दहा रुपये लायसन्स फी, त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला, वर आयात सेटवर दहा टक्के वेगळी आकारणी. हा साचा विलायतेतून आणला होता. तिथे १९२२ मध्ये सेट बनवणाऱ्या कारखानदारांनीच एकत्र येऊन बीबीसी काढली होती आणि दहा शिलिंगांच्या लायसन्सवर ती चालली. पण तिथे सेट बनवणारे कारखाने होते, वीज होती, खरेदीची ताकद असलेला मध्यमवर्ग होता. इथे यांतलं फार थोडं होतं. लायसन्सं आठ हजारांच्या आतच राहिली, कित्येकांनी सेट घेऊन लायसन्स काढलंच नाही. १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर सरकारने केंद्रं ताब्यात घेतली आणि १९३२ च्या सुमारास काय केलं? सेटवरची जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. सेट महाग म्हणून जे बुडालं, ते वाचवायला सेट आणखी महाग केला.

त्यानंतर इथे सेटचा खप वाढला, त्यामागे एक मोठं कारण डिसेंबर १९३२ मध्ये सुरू झालेली बीबीसीची एम्पायर सर्व्हिस हे होतं. दूरवर पोचणाऱ्या शॉर्टवेव्हवर लंडन ऐकायचं म्हणून इथल्या युरोपियन वस्त्यांतून सेटना मागणी आली. विक्रेत्यांनी माल आणला तो त्यांच्यासाठी, सेटमधले बॅण्ड त्यांच्या गरजेप्रमाणे, किंमत त्यांच्या पगाराप्रमाणे. यात विक्रेत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजार पैसे असतील त्या दारी जातो. जिथे नसतील तिथे सेट पोचवायचा, तर ते काम दुसऱ्या कुणाला तरी अंगावर घ्यावं लागतं. १९४७ मध्ये आपल्या वाट्याला आली सहा केंद्रं आणि देशभरात मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास रेडिओ सेट.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि दोनच वर्षांनी इथे असं काही घडलं जे कुठल्याही जाहिरात कंपनीला साधलं नसतं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गीतरामायणाची गीतं पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. ज्या वाड्यात सेट होता त्या वाड्याच्या चौकात बिऱ्हाडकरू जमायचे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांत पहिला रेडिओ आला तो त्या वर्षा-दोन वर्षांत, आणि का आला याचं उत्तर विचारायचीही गरज नसते. माणूस पेटी विकत घेत नाही, पेटीतून येणारा आवाज घेतो, हे पिट्सबर्गच्या दुकानदारांना १९२० मध्ये कळलं होतं. पुणे केंद्राने तेच नफ्याविना करून दाखवलं.

त्याच दशकात दिल्लीने उलटा धडाही घेतला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांच्या काळात जो आधार मिळाला त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारं जवळजवळ बंद केली तेव्हा एक गोष्ट हिशेबात धरली नाही. लोकांच्या घरातल्या सेटना शॉर्टवेव्ह होती. काटा थोडा सरकवला की रेडिओ सिलोन लागत होतं. दुकानात रेडिओ पसंत करायला गेलेलं गिऱ्हाईक आधी सिलोन लावून दाखवायला सांगू लागलं, आणि 'सिलोन स्वच्छ लागतं' हेच विक्रेत्याचं पालुपद झालं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरूनच. मंत्रालयात काय ठरतं याच्यापेक्षा घरातल्या सेटवर काय लागतं याने श्रोता कुठे जाणार हे ठरतं. सेटमध्ये काय असावं हे ठरवणं म्हणूनच तांत्रिक बाब राहत नाही, ती सार्वजनिक बाब होते.

जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी गेलात तर त्या काळातले सेट अजून बघायला मिळतात. अलीकडेच तिथे एक व्हॉल्व्हचा सेट उलटसुलट करून पाहिला. समोर सोनेरी धाग्याचं जाळीदार कापड, मध्यभागी काचेची डायल, तिच्यावर मीटरचे आकडे आणि मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन अशी गावांची नावं. मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा चार स्क्रूंवर. तो काढला की आत व्हॉल्व्ह एका ओळीत, प्रत्येकावर नंबर छापलेला, आणि पेटीच्या आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला. म्हणजे कुठलाही मेकॅनिक पेटी उघडून, कागद वाचून, गेलेला व्हॉल्व्ह बदलू शकेल अशी ती रचना. पुण्यात बुधवार पेठेतल्या बोळांमधल्या दुरुस्तीवाल्यांच्या दोन पिढ्या या कागदावर जगल्या. मागून दोन तारा निघायच्या, एक जमिनीकडे आणि एक एरियलची. एरियल म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी. सेट फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच, वर भरतकाम केलेलं कव्हर. आणि घरात कुठेतरी जपून ठेवलेलं पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक, दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करायचं. ही लायसन्सची अट पुरती जायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

त्या सेटच्या विक्रीत आपल्याकडे जे सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं ते मर्फी रेडिओच्या जाहिरातीतलं बाळ. ओठावर बोट ठेवलेलं ते गोजिरं मूल कॅलेंडरवरून, दुकानांच्या पाट्यांवरून घराघरांत गेलं. त्या चित्रात सेटची ताकद नाही, बॅण्ड किती ते नाही, किंमत नाही. रेडिओ ही घरातल्या सगळ्यांची वस्तू आहे, एवढंच त्यात आहे. ते विकणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. सरकारी कागदांत मात्र श्रोता हा कायम लायसन्सधारक या नावानेच वावरत राहिला.

एका प्रयोगाचा मात्र मला अभिमान वाटतो, आणि तो पुण्याचा आहे. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. आठवड्यातून दोन, दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं एका सेटभोवती जमायची, शेतीवरचा किंवा गावच्या प्रश्नावरचा कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायची. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. श्रोतामंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत पडलेली भर इतर गावांहून स्पष्टपणे जास्त आढळली. जगभरच्या प्रसारण अभ्यासात या पुणे प्रयोगाचं नाव आजही घेतलं जातं, आणि पुण्यातच तो फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं. १९५९ पासून ही मंडळं देशभर नेली गेली. ती पुढे मरगळली, त्याच्या कारणांत बॅटऱ्या वेळेवर न मिळणं आणि बंद पडलेला सेट दुरुस्त व्हायला महिनोन्महिने लागणं ही कारणं होतीच. कार्यक्रम उत्तम, केंद्र उत्तम, आणि गावातला सेट बंद. एवढ्यावर सगळं अडलं.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सेट लोकांपर्यंत पोचवायचं काम सरकारच्या हाती दिलं की काय होतं हे जर्मनीने दाखवलं आहे. १९३३ मध्ये नाझी राजवटीने 'फोल्क्सएम्फेंगर', म्हणजे जनतेचा रेडिओ, ७६ मार्कांना काढला. मॉडेलचा आकडा ३०१, हिटलर सत्तेवर आला त्या ३० जानेवारीची आठवण म्हणून. १९३८ मध्ये आणखी छोटा सेट ३५ मार्कांना आला. सेट स्वस्त होते, लाखोंनी खपले, आणि त्यांत शॉर्टवेव्ह नव्हती. १९३९ मध्ये परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हा ठरला. स्वस्त सेट हा त्या प्रचारयंत्राचा कणा होता. हा इतिहास मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातला धोका स्वस्ताईत नव्हता, तो एकाच मालकाचा आवाज पकडणाऱ्या सेटमध्ये होता. म्हणूनच सरकारने सेट स्वतः बनवावेत असं मी म्हणत नाही. सरकारने अट घालावी. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेडिओत मीडियम वेव्ह, एफएम आणि जे डिजिटल तंत्र निवडलं जाईल ते, तिन्ही असावं. कुठलंही केंद्र बंद करून ठेवलेलं नसावं. मानक खुलं असावं, म्हणजे पिंपरीतला छोटा कारखानदारही ते वापरून सेट बनवू शकेल आणि बुधवार पेठेतला मेकॅनिक तो उघडू शकेल.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. हातात मोबाइल आहे, आकाशवाणीचं अ‍ॅप आहे, मग रेडिओ सेट हवाच कशाला? अ‍ॅपवर ऐकणं हे रेडिओ ऐकणं नव्हे. तिथे प्रत्येक श्रोत्यामागे डेटा खर्च होतो, आणि तुम्ही काय, किती वेळ, कुठून ऐकलं याची नोंद कुठेतरी राहते. प्रक्षेपणाला एक श्रोता काय आणि एक लाख काय, खर्च तोच, आणि कोण ऐकतंय हे कुणालाच कळत नाही. नागरिकाचं हे स्वातंत्र्य आपण आपसूक मिळालेलं म्हणून गृहीत धरलं आहे. आणखी एक. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, वीज बंद झाली. अशा वेळी चार्ज किती उरलाय ते बघत फोन वापरायचा असतो. दोन सेलवर आठवडाभर चालणारं यंत्र घरात असणं ही अशा वेळी चैन राहत नाही.

मोबाइलमध्येच रेडिओ असावा हे तर फारच बरं. अनेक फोनच्या चिपमध्ये एफएमची सोय मुळात असते. हेडफोनची वायर लावली की तीच एरियलचं काम करते, डेटा शून्य. पण महाग फोनांतून आधी हेडफोनचं भोक गेलं आणि मग एफएमही गेलं. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली, आपत्तीच्या काळातला उपयोगही त्यात सांगितला. सूचना योग्यच होती. पण तिला सक्तीचं बळ नाही, आणि दुकानात फोन घेताना त्याच्या खोक्यावर एफएम आहे की नाही हे शोधूनही सापडत नाही.

सध्याची स्थिती अशी की आकाशवाणीने गेल्या दशकात देशात तीसहून अधिक मीडियम वेव्ह प्रक्षेपक डीआरएम या डिजिटल तंत्रावर आणले. त्यावर पैसा खर्च झाला. आणि हे ऐकायला लागणारा सेट? तापकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार ब्लूटूथ स्पीकर पुढे करतो, त्यात एफएम आहे म्हणतो. डीआरएमचा सेट मिळालाच तर साध्या ट्रान्झिस्टरच्या अनेक पट किमतीचा. आज डीआरएम आहे ते मुख्यतः नव्या मोटारींच्या डॅशबोर्डवर. लाखो गाड्यांत ते आहे, आणि कित्येक मालकांना ते आहे हे ठाऊकही नाही, कारण ते कुणी त्यांना विकलंच नाही. डिजिटल आकाशवाणी म्हणजे सध्या मोटारवाल्यांची आकाशवाणी. १९३२ मध्ये एम्पायर सर्व्हिससाठी सेट घेणारा वर्ग आणि आज डीआरएम मिळवणारा वर्ग, यांत मला फार अंतर दिसत नाही.

इतर देशांनी हा क्रम विचारपूर्वक लावला. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम केंद्रं बंद केली, पण २०११ मध्येच संसदेने अट घातली होती की निम्मे श्रोते रोज डिजिटल पद्धतीने ऐकत असतील तरच. ब्रिटनने २०१० मध्ये असाच ५० टक्क्यांचा निकष ठेवला, २०१८ मध्ये तो ओलांडला गेला, तरीही २०२१ च्या आढाव्यानंतर किमान २०३० पर्यंत एफएम चालू राहील असं ठरवलं. दोन्हीकडे श्रोत्यांची मोजणी झाली. प्रक्षेपण कुठवर पोचतं एवढ्यावरच कुणी निर्णय सोडला नाही.

पुण्यासाठी हे का महत्त्वाचं, तर पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह जिथे पोचते तिथे एफएम पोचतंच असं नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर मध्ये आला की संपल्या. मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते. वेल्हे, भोर, मुळशी, आंबेगावच्या खोऱ्यांतल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे रेडिओ असणं आणि नसणं एवढा मोठा आहे. शहरात डिजिटल परवाने देताना केंद्र सरकारने परवानाधारकांकडून सेटचा वाटाही घ्यावा: परवाना शुल्काचा ठरावीक भाग स्वस्त, तिन्ही बॅण्डच्या सेटसाठी वेगळा काढावा आणि त्यातून या तालुक्यांतल्या ग्रामपंचायती, आरोग्य उपकेंद्रं, शाळा यांना आधी सेट द्यावेत, दुरुस्तीच्या कराराबरोबर. रेडिओ सेटवरचा कर शून्य करावा, १९३२ चा घोळ पुन्हा नको. फोनमधल्या एफएमची सूचना नियमात बदलावी आणि खोक्यावर तसं छापणं बंधनकारक करावं. आकाशवाणीने सेट विकायला मदत करावी, अगदी १९२० च्या अर्थाने: फक्त डिजिटलवर मिळेल असा मराठीतला एखादा कार्यक्रम पुणे केंद्राने करावा, इतका चांगला की लोक दुकानात जाऊन त्याच्या नावाने सेट मागतील. हे करण्याची कुवत या केंद्रात आहे, १९५५ मध्ये ती दिसली आहे.

मीडियम वेव्ह बंद करायची तारीख ठरेल तेव्हा ती प्रक्षेपकाच्या वयावरून ठरू नये. वेल्ह्याच्या आठवडी बाजारात साध्या शेतमजुराला दोन दिवसांच्या मजुरीत नवा सेट मिळतो का, आणि त्या तालुक्यातल्या निम्म्या घरांत तो आहे का, हे आधी मोजावं. मोजणी मंत्रालयाने करावी, आकडे जाहीर करावेत, आणि ते येईपर्यंत ७९२ चालू ठेवावी.